विजेच्या रकान्यात शून्य

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात सोयाबीन निघालं आणि आदिलाबादकडच्या तलमडुगु मंडलातल्या आमच्या चार एकरांच्या तुकड्यात हिवाळी पीक काय घ्यायचं, याची चर्चा घरात सुरू झाली. त्याआधी अशी चर्चा कधी होत नसे. पेरा ठरलेला असायचा. नाल्याकडच्या दोन एकरांत हरभरा, रस्त्याकडच्या दोन एकरांत ज्वारी आणि ज्वारीच्या चारही बाजूंनी करडईच्या चार-चार ओळी. वडील असं पेरत. त्यांच्यामागे माझा मोठा भाऊही असंच पेरत आला होता.

त्या वर्षी मी घरी होतो. नागपूरच्या एका दैनिकात एकोणीस वर्षं डेस्कवर काम केल्यावर तिथली आवृत्ती बंद झाली आणि मी गावी परतलो. बसून खायचं तर काहीतरी काम हवं, म्हणून दादा म्हणाला, "तू शिकेल मानूस. आपल्या कास्तीचा जमाखर्च तं मांडून दे एकडाव. कशात निघते, कशात बुडते, कायजात दिसू दे."

मी दोन रकाने आखले. डावीकडे खर्च, उजवीकडे उत्पन्न. बियाणं, खत, नांगरट, पेरणी, निंदण, कापणी, मळणी. विजेच्या पुढे मी शून्य लिहिलं, कारण आमच्या राज्यात शेतीपंपाला बिल येत नाही. रात्रीच्या राखणीला आमच्याकडे जागल म्हणतात. तिच्यापुढे मी काहीच लिहिलं नाही. जागल दादा स्वतः करायचा आणि घरच्या माणसाच्या रात्रीला दर लावायचा असतो, हे मला माहीत नव्हतं.

कागद पुरा झाल्यावर करडईची ओळ डोळ्यांत खुपू लागली. करडईला काटे. कापायला बाया तयार होत नाहीत. झाल्या तर रोजापेक्षा शंभर रुपये जास्त मागतात आणि हाताला गुंडाळायला जुनं कापड आपणच द्यायचं. या खर्चापुढे कडेच्या करडईचं तेल उण्यात जात होतं. शिवाय तेवढ्या जागेत ज्वारी बसली असती. मी त्या ओळीवर रेघ मारली. डेस्कवर जादा मजकूर कापताना मारायचो तशीच.

वहिनी तेव्हा अंगणात मिरच्या निवडत होत्या. दादानं कागद वाचून दाखवला.

"करडी नाई लावाची?" त्यांनी विचारलं.

"रकबा खाते फुकटचा. भाऊनं हिसाब काढला."

"हिसाबात डुकरं धरले का, भाऊजी?"

"डुकरं कशात धरू, वहिनी? खर्चात की उत्पन्नात?" मी म्हणालो.

आम्ही तिघेही हसलो. दादानं करडईचं बियाणं आणलं नाही.

ज्वारी चांगली आली. जानेवारीच्या सुरुवातीला कणसं दुधात आली आणि पहिल्या रात्री रानडुकरं रस्त्याच्या बाजूनं आत शिरली. सकाळी मी पाहायला गेलो तेव्हा खाटेएवढ्या जागा आडव्या झाल्या होत्या. कणसं चघळून टाकलेली. डुक्कर खातं थोडं, पाडतं जास्त. बांधावर उभं राहून शेजारच्या शेतकऱ्यानं आमच्याकडे पाहिलं. त्याच्या ज्वारीभोवती करडई होती, काटे धरलेली, मांडीएवढी उंच. त्याच्याकडे एक ताटही पडलं नव्हतं.

"तुमचा कायजात खुटीले टांगा ना शेतात," तो मला म्हणाला. "डुकरं वाचतीन अन् वापस जातीन."

दादानं ज्वारीच्या मध्यावर, बोअरजवळ, लाकडी मळा, म्हणजे मचाण, उभा केला. चार खांब, वर फळ्या, कडब्याचं छप्पर. रोज जेवून तो तिकडे जाई, सकाळी सातला परत येई. वहिनींचा चहा पिऊन झोपे आणि दहाला उठून पुन्हा कामाला लागे. पाचव्या-सहाव्या दिवशी त्याचे डोळे लाल राहू लागले. बोलता बोलता वाक्य अर्ध्यावर सोडी. दहाव्या दिवशी नाल्याच्या ओल्या वाळूत वाघाचा माग दिसल्याची बातमी गावात आली. पैनगंगेपलीकडून वाघ इकडे येतात, हे नवं नाही. मी माग पाहिला नाही. ज्यानं पाहिला असं सांगितलं जात होतं, त्यानंही दुसऱ्याकडून ऐकलं होतं. तरी त्या दिवसापासून संध्याकाळी दादा घोंगडी खांद्यावर टाकून निघाला की मी रस्त्यापर्यंत त्याच्यासोबत जाई. त्याला तिथे मी बसवलं होतं.

मी म्हणालो, "मी येतो सोबत."

"तू आला तं तुलेच राखा लागन मले," तो म्हणाला.

दोन दिवसांनी गोठ्याच्या खुंटीला नवी तार दिसली. बारीक, चकचकीत, दोन बंडलं. खाली बांबूच्या खुंट्या आणि सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे. ट्यूब खुंटीला गुंडाळतात, म्हणजे तारेतला करंट बांबूत उतरत नाही. ती तार कशासाठी असते, हे आमच्या भागात शेंबड्या पोरालाही सांगावं लागत नाही.

डेस्कवर असताना अशा तारेच्या बातम्या माझ्या हातातून जात. दोन ओळींच्या. शेतकऱ्याचा विजेच्या धक्क्यानं मृत्यू, वय, गाव. कधी तार लावणारा, कधी दुसऱ्याच्या शेतातून पहाटे जाणारा. मी वय तपासायचो, गावाचं नाव तपासायचो आणि बातमी पानाच्या तळाला लावायचो. तार कोणी लावली, हे बातमीत नसे आणि मी कधी विचारलं नाही.

"दादा, हे नको," मी म्हणालो.

"काऊन?"

"माणूस मरतो."

"अन् मी रोज जागून राह्यलो, त्यानं नाई मरत?" तो हसला. "तुह्याच कायजात पाय ना. लाईनीचा खर्च शून्य. फुकटात जागल होते."

"काढून टाक, दादा. फॉरेस्टवाले केस करतात. लाईनवाले वेगळी करतात."

"बरं बाप्पा, नाई लावत," तो म्हणाला. तार खुंटीलाच राहिली. रोज सकाळी उठल्यावर मी आधी गोठ्यात जाऊन ती जागेवर आहे का ते पाही. चार दिवस होती.

पाचव्या दिवशी दाट धुकं होतं. आदिलाबादच्या जानेवारीत असं धुकं पडतं की अंगणातून रस्ता दिसत नाही. सव्वासात झाले तरी दादा आला नव्हता. वहिनी घरात नव्हत्या. हरभऱ्याचे डहाळे उपटून इचोड्याच्या बाजाराला पाठवायचे होते, म्हणून दोन बाया घेऊन त्या नाल्याच्या वाटेनं निघाल्या होत्या. चूल विझलेली. चहाची किटली नव्हती. म्हणजे दादाचा चहा त्या सोबत घेऊन गेल्या होत्या. दादाचा फोन कोनाड्यात चार्जिंगला लावलेला होता. मी गोठ्यात गेलो. खुंटी रिकामी होती.

मी पळालो नाही. पळण्याइतका रस्ता दिसत नव्हता. रस्त्याच्या वाटेनं शेत घरापासून वीस मिनिटांवर आहे. त्या वीस मिनिटांत मी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा ताडून पाहत होतो. हरभऱ्याचं रान नाल्याकडे. तिथून मळ्याकडे जायचं तर ज्वारीत शिरावं लागतं. वहिनी चहा द्यायला मळ्यावर जाणार. वाटेत तार असेल तर ती धुक्यात दिसणार नाही.

शेत जवळ आलं आणि दादाचा आवाज ऐकू आला. "हो हो हो हो! हाऽऽ!" मी थांबलो. आमच्याकडे ज्वारी दुधात असली की सकाळी सगळ्या शिवारातून असा ओरडा येतो. पाखरं उठवायला, डुकरं हाकलायला राखणदार ओरडतात आणि गोफणीनं ढेकळं मारतात. दादा जिवंत होता आणि नेहमीचं काम करत होता. मी चालू लागलो.

पहिलं ढेकूळ माझ्या डावीकडे पडलं. दुसरं पुढ्यात. मला वाटलं, धुक्यात त्याला मी दिसत नाही, पाखरांवर मारतो आहे. मी ओरडलो, "दादा, मी हाय!"

"थांब! थांब तिथंच! हात नको लावू कायले!" त्याचा आवाज फाटलेला होता. "तार हाय! चालू हाय!"

तेव्हा मला ती दिसली. माझ्यापासून दोन हातांवर, गुडघ्याच्या खाली, दवाचे थेंब ओळीनं धरलेली तार. तिच्यावर एक ओलं पान टेकलेलं होतं. तार थोडी गुणगुणत होती, की माझे कान, हे मला अजूनही सांगता येत नाही.

"बंद कर ना मग!" मी म्हणालो.

"नाई होत. डब्बा धरला तं फेकलं मले. उजवा हात लुळा पडला."

तुटक बोलण्यातून जे कळलं ते असं. संध्याकाळी ज्वारीला पाणी देऊन झाल्यावर त्यानं चारही बाजूंनी तार ओढली आणि मोटारीच्या स्टार्टरवरून तिच्यात करंट सोडला. स्टार्टरचा डबा बोअरजवळ, म्हणजे तारेच्या आत. पहाटे रस्त्याकडच्या बाजूला डुक्कर तारेला धडकलं, किंचाळलं आणि गेलं. जाताना खुंट्या उपटल्या. तारेचं एक टोक तुटून ज्वारीत पडलं. कुठे, ते त्याला माहीत नव्हतं. जमीन भिजलेली, पानं भिजलेली. तो खाली उतरून डब्यापर्यंत गेला. दवानं भिजलेल्या डब्याच्या दांड्याला हात लावताच झटका बसला. मग तो मळ्यावर चढला आणि तिथेच राहिला. वरून धुक्यात हलणाऱ्या सावल्या तेवढ्या दिसत होत्या. उतरावं तर तुटलेलं टोक पायाखाली येईल की नाही, कळायला मार्ग नव्हता. शिवाय स्वतःच्या शेताच्या चारही बाजू त्यानं स्वतः बंद केल्या होत्या.

"तुही वैनी?" त्यानं विचारलं. "तिकून येऊन राह्यली. किती ओरडलो! थांबतच नोती!"

त्या थांबणार कशा? लांबून शब्द कळत नाहीत आणि त्या मोसमात मळ्यावरचा माणूस ओरडतोच. मीही ते ऐकूनच निर्धास्त झालो होतो.

त्याच क्षणी नाल्याच्या बाजूनं वहिनींचा आवाज आला. तो घाबरलेला नव्हता, संतापलेला होता. "मुडदा बशीवला तुमचा! चाहा आनला तं ढेकलं मारता? पाय फोडला माहा! या आता घरी, पायतो तुमाले!"

"वहिनी," मी जमेल तेवढ्या जोरात ओरडलो, "एक पाऊल पुढे टाकू नका! समोर करंट आहे! त्या बायांना धरून ठेवा!"

मग त्या हळू आवाजात म्हणाल्या, "दिसून राह्यली." आणि मागे वळून बायांना म्हणाल्या, "बसा गं खाली. कोनी हलाचं नाई."

मी खिशातून फोन काढला. आमच्या बाजूच्या लाईनमनचा नंबर होता. फोन लावण्याआधी मी थांबलो, हे लिहायला हवं. तार पडली आहे, असं म्हणता आलं असतं. खरं सांगितलं तर दादावर केस होणार, हे मलाच माहीत होतं. पण तार पडली आहे म्हटलं तर तो चहा पिऊन निघेल, असंही वाटलं. मी हिंदीत खरं तेच सांगितलं: शेतात करंटची तार लावली आहे, चालू आहे, आत माणूस अडकला आहे, बाहेर बाया आहेत.

पलीकडे तो तेलुगूत काहीतरी पुटपुटला. मग म्हणाला, "सार, कोई छूना नहीं. मैं सबस्टेशन को बोलता. दस मिनट."

ती दहा मिनिटं आम्ही तिघे तीन ठिकाणी उभे होतो आणि मध्ये धुकं होतं. मी रस्त्याच्या वाटेवर आडवा उभा राहिलो, कोणी आलंच तर अडवायला. हात खिशात घातले, कारण तार जवळ होती. दादा दर थोड्या वेळानं ओरडे, "सगळे जागेवर हाय ना?" आम्ही दोघं दोन बाजूंनी ओ देत होतो. एकदा वहिनींची ओ उशिरा आली, तेव्हा तो मळ्यावरून उतरायला निघाला. फळी करकरली.

"बसा!" त्या ओरडल्या. "शिंक आलती मले!"

फोन वाजला. "अयिपोयिंदी सार. लाईन बंद."

एका माणसाच्या सांगण्यावर बातमी लावायची नाही, ही सवय एकोणीस वर्षांची. मी जागचा हललो नाही. दादाही उतरला नाही. मग त्यालाच सुचलं. "शेजारची मोटर आयक," तो म्हणाला. शेजारच्या शेतातला पंप सकाळपासून घुमत होता. त्या आवाजाकडे माझं लक्षही गेलं नव्हतं. तो आता थांबलेला होता. शेजारी तिकडून कोणाला तरी शिव्या देत होता की पाणी मध्येच गेलं.

तरीही पहिलं पाऊल कोणी टाकलं नाही. शेवटी दादा उतरला, कोरड्या बांबूनं स्टार्टरचा दांडा खाली पाडला, फ्यूज काढून खिशात घातले आणि ज्वारीतून चालत नाल्याच्या बाजूला गेला. ताटांचा सळसळाट ऐकू येत होता, त्यावरून तो कुठे आहे ते मला कळत होतं.

मी बांधाबांधानं वळसा घालून तिकडे पोहोचलो तेव्हा तो वहिनींच्या समोर उभा होता. त्यांची किटली सांडली होती. डाव्या नडगीवर अंड्याएवढी सूज होती आणि तिच्यातून थोडं रक्त आलं होतं.

"नेम तं बरा हाय तुमचा," त्या म्हणाल्या. "डुकराले काऊन नाई लागत?"

तो हसला नाही. त्यानं उजवी मूठ वळून पाहिली. वळली नाही. "डाव्या हातानं मारलं," तो म्हणाला.

लाईनमन तासाभरानं मोटारसायकलवर आला. त्यानं तार पाहिली, खुंट्या पाहिल्या, ट्यूबचे तुकडे पाहिले. "किसका है?" त्यानं विचारलं.

"माहा," दादा म्हणाला. हिंदीत सांगायचंही त्याला सुचलं नाही.

लाईनमननं दोन्ही बंडलं गुंडाळून घेतली आणि मोटारसायकलला बांधली. स्टार्टर तपासून होईपर्यंत आमचं कनेक्शन बंद राहील, असं सांगितलं. कागद केला की नाही, ते त्यानं सांगितलं नाही. त्यानंतर कितीतरी दिवस रस्त्यावर जीप वाजली की आम्ही तिघंही बोलणं थांबवत असू.

तो गेल्यावर ऊन आलं. बाया हरभऱ्यात डहाळे उपटू लागल्या. मी नाल्याच्या बाजूला, वहिनी आल्या त्या वाटेवर गेलो. का गेलो, ते सांगता येणार नाही. जे घडलं ते मोजून पाहायची सवय असेल. वाटेवर काळ्या मातीची ताजी ढेकळं पडली होती. मळ्यावरून आलेली, फुटलेली. पहिलं वाटेपासून बरंच बाजूला. दुसरं जरा जवळ. त्यापुढची एकामागे एक, तारेच्या दिशेनं सरकत गेलेली. सात होती. आठव्याचे तुकडे किटली सांडली होती तिथे होते. तिथून तारेच्या खुंटीपर्यंत मी पावलं मोजली.

दादा मागे येऊन उभा होता.

"किती?" त्यानं विचारलं.

"तीन," मी म्हणालो.

तो बांधावर बसला. डावा हात मातीत रोवून. मी त्याच्याशेजारी बसलो.

वहिनी लंगडत आल्या. नडगीला पदराची चिंधी बांधलेली, हातात दोन विळे. एक त्यांनी माझ्यापुढे धरला.

"बसता काऊन?" त्या म्हणाल्या. "म्हशीवाल्याले फोन करा, हिरवा चारा हाय म्हना. इथून धरू. चार दिवसांत रान रिकामं झालं पायजे."

"वरीसभराची भाकर हाय ते," दादा म्हणाला.

"इकत आनू भाकर," त्या म्हणाल्या. "आज रातच्याले कोनी मळ्यावर जात नाई."

त्यांनी वाकून पहिला कवळा धरला. कणसांत दूध होतं. विळा लागला तसं ते त्यांच्या मनगटावर उडालं. मी पुढच्या ओळीला लागलो. विळा घालण्याआधी प्रत्येक ताटाच्या बुडाशी मी नजर फिरवत होतो, कारण तुटलेलं टोक गुंडाळून नेलेल्या तारेत होतं की नाही, ते आमच्यापैकी कोणीच पाहिलं नव्हतं.